सहाशे ग्रॅमचा जीव

सोनेरी माकड भुलीखाली गेलं की काळजी आधी उबेची घ्यायची, सुईची नंतर. प्रौढ मादीचं वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. आपल्याकडच्या बऱ्यापैकी वाढलेल्या कोंबडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा देहातली ऊब झपाट्यानं निघून जाते. त्या दिवशी पहाटे पारा पंधरावर होता. टेबलावर गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून ठेवल्या होत्या आणि मी दर दोन मिनिटांनी त्यांना हात लावून बघत होते.

ही गोष्ट जून 2022 ची. ब्राझीलमध्ये तेव्हा हिवाळा असतो. रिओ दि जानेरोहून उत्तरेला जाणाऱ्या बीआर-101 महामार्गावर सिल्वा जार्दिम नावाचं छोटं गाव आहे. साओ जोआओ नदीच्या खोऱ्यातलं सखल, दमट जंगल. मिको-लेआंव-दोरादो, म्हणजे सोनेरी सिंहमाकड, जगात फक्त याच भागात रानात सापडतं. चेहऱ्याभोवती खरंच सिंहासारखी आयाळ, आणि रंग असा की उन्हात आलं की झाडाला निखारा लागल्यासारखं वाटावं. ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. मी मूळची सिंधुदुर्गातली पशुवैद्य. माकडांतल्या विषाणूंवर काम करायला तिकडे गेले होते आणि त्या हिवाळ्यात लसीकरणाच्या तुकडीत होते.

रानातल्या माकडांना पीतज्वराची लस! घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईला दोनदा सांगावं लागलं.

पीतज्वर (यलो फीवर) हा अमेरिका खंडाचा मूळचा आजार नाही. गुलामांना भरून आणणाऱ्या जहाजांबरोबर तो आफ्रिकेतून आला. आफ्रिकेतल्या माकडांची त्याच्याशी फार जुनी ओळख आहे, त्यामुळे ती सहसा मरत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांची तशी ओळखच नाही. हेमागोगस जातीचे डास झाडांच्या शेंड्यावर राहतात आणि दिवसाढवळ्या चावतात. एक माकड आजारी पडलं की वरच्या वर साथ पसरत जाते. लाकूडतोड्यानं झाड पाडलं की तेच डास खाली येतात आणि माणसाला चावतात. 2016 च्या अखेरीला सुरू झालेल्या साथीत आग्नेय ब्राझीलमधली हुप्पे माकडं (इंग्रजीत हाउलर) इतकी मेली, की पहाटे त्यांच्या आरोळ्यांनी भरून जाणारी रानं गप्प झाली. 2018 मध्ये सोनेरी माकडातही हा आजार सापडला. 2014 च्या गणनेत ही माकडं 3,700 च्या आसपास होती. साथीनंतर मोजली तेव्हा सुमारे अडीच हजार उरली होती.

हा आकडा किती जिव्हारी लागला असेल, ते मागचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. 1970 च्या सुमारास ही माकडं दोनशेच्या आसपासच उरल्याचा अंदाज होता. आदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो या ब्राझिलियन प्राणिशास्त्रज्ञानं त्यासाठी आकांत मांडला. 1974 मध्ये पोसो दास आन्तास हे राखीव जंगल झालं. 1984 पासून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं आणून इथे सोडली. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना झाडावरून कसं चालायचं हेही ठाऊक नव्हतं. फांदी हलते, हेच त्यांना नवीन होतं. त्यांच्या पुढच्या पिढ्या मात्र शिकल्या. चाळीस वर्षं एकेक माकड मोजून वाढवलेल्या धनातला मोठा हिस्सा दोन हंगामांत डासांनी नेला. मग वाद झाले. रानटी प्राण्याला लस टोचावी का? निसर्गात एवढी ढवळाढवळ बरी का? माझं मत स्पष्ट आहे. रोग आपणच जहाजात घालून आणला आणि जंगलाचे तुकडेही आपणच केले. आता सुई हातात घ्यायला संकोच कसला? आधी बंदिस्त माकडांवर लस तपासली गेली आणि 2021 पासून रानात टोचायला सुरुवात झाली. लस माणसांना देतात तीच, मात्रा तेवढी त्यांच्या जीवाला बेताची.

त्या दिवशीचं कुटुंब सात जणांचं होतं. कर्ती मादी, दोन नर, दोन मोठी झालेली मुलं आणि आदल्या वसंतात जन्मलेली दोन जुळी. यांच्यात जुळी होणं नेहमीचंच. पिल्लं आईपेक्षा बापाच्या आणि भावंडांच्या पाठीवरच जास्त वाढतात. झाडात बांधलेल्या लाकडी फळीवर काही दिवस केळी ठेवून त्यांना सवय लावली होती. मग त्याच फळीवर पिंजरे ठेवले. सकाळी सव्वासातला सगळे सात आत होते. माग काढणारे काका (मी मनात त्यांना काकाच म्हणते, साठीचे, त्याच भागात जन्मलेले) पिंजऱ्यांवर कापड टाकत हळू आवाजात त्यांच्याशी बोलत होते. ते काय बोलत ते मला कधीच कळलं नाही. माकडं मात्र गप्प होत.

आम्ही टेबल मांडलं होतं ते एका गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या पडवीत. सोनेरी माकडांचं बरंचसं जंगल आज असंच खासगी जमिनीत, गवताळ कुरणांमध्ये बेटांसारखं उरलंय. शेतकरी साधारण पन्नाशीचा, अबोल. त्याच्या बायकोनं थंडगार रस आणून दिला आणि वास येताच मी म्हटलं, "काजू!"

ती दचकलीच. त्यांच्या भाषेतही तो 'काजू'च. तुपी लोकांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि झाडासकट गोव्याला आणला. आमच्या डोंगरावर काजू आहे, बोंडांना असाच वास येतो, हे मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं. ती हसली. शेतकरी हसला नाही. जरा वेळ घुटमळून तो म्हणाला, "डॉक्टर, तळ्यामागे एक बुझिऊ मरून पडलाय. काल संध्याकाळपासून. मुलगा म्हणतो जाळून टाकू. आणि जी उरलीत त्यांचाही बंदोबस्त करू."

बुझिऊ म्हणजे हुप्प्या. सगळ्यांचे हात थांबले.

आमच्या प्रमुखांनी लगेच आरोग्य खात्याला फोन लावला. मेलेलं माकड सापडलं की तिथे हे बंधनकारकच आहे. नमुने घेण्याची परवानगी मिळाली. सोनेरी कुटुंबाची जबाबदारी सहकाऱ्यांकडे देऊन मी आणि काका अंगभर झगा, मास्क, दुहेरी हातमोजे घालून तळ्यामागे गेलो. पोत्याखाली मोठा तांबूस नर होता. सहा किलो तरी असेल. माश्या बसल्या होत्या. मी गुडघे टेकले आणि दोडामार्ग आठवला.

2016 मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला तो आजार. पीतज्वराच्याच कुळातला विषाणू, फक्त तो डासांऐवजी गोचिडीतून येतो. काजूच्या हंगामात माणसं रानात बी गोळा करायला जातात आणि गोचिडी अंगावर घेऊन येतात. त्याआधी वानरं आणि तांबड्या तोंडाची केलडी मरायला लागतात. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडले होते. मेलेल्या वानरांचे नमुने घेणाऱ्यांच्या हाताखाली होते. एका वाडीत एक आजी मला म्हणाली, "गो बाय, ह्या माकडांनीच ताप हाडल्यानी गावात." तिचा मुलगा तापानं पडला होता. वाडीतली पोरं फटाके आणि दगड घेऊन वानरांच्या मागे लागली होती. मला ठाऊक होतं की माकडं रोग आणत नाहीत, ती आपल्या आधी मरतात. ती मरायला लागली की आपण सावध व्हायचं, तेवढीच वेळ आपल्याला मिळते. हे सगळं ठाऊक असून मी काही बोलले नाही. आजीच्या दुःखापुढे शहाणपण सांगायची लाज वाटली. नमुन्याची पेटी उचलून जीपमध्ये बसले. मागे फटाके वाजत होते.

हुप्प्याच्या अंगावर गोळीची जखम नव्हती. ती मी आधी शोधली, कारण साथीच्या वर्षांत लोकांनी घाबरून कितीतरी माकडं ठेचून, विष घालून मारली होती. डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणाही दिसेना. मग काकांनी त्याचा उजवा हात उलटा करून दाखवला. तळवा काळा पडला होता आणि बोटांची कातडी तडकली होती. डाव्या पायालाही तसाच डाग. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. तळ्यावरच्या पंपाला जाणारी विजेची उघडी तार झाडांच्या शेंड्यांमधून गेली होती. जंगलाचे दोन तुकडे जोडणारी तेवढीच एक 'फांदी' त्याला सापडली होती.

नमुने तरीही घेतले. डोळ्यांनी दिसतं त्यावर विसंबायचं नसतं. (अहवाल नंतर आला. पीतज्वर नव्हता.) पण परत आल्यावर मी हात धुतले आणि शेतकऱ्याला म्हटलं, मला जरा बोलायचंय.

माझी पोर्तुगीज तेव्हा अगदी कच्ची होती. क्रियापदं चुकत होती. मी त्याला काजूपासूनच सांगितलं. आमच्या रानातला काजू, बी वेचायला जाणाऱ्या बाया, गोचिडी, ताप, मेलेली वानरं, आजी, फटाके. आणि मी गप्प बसले तेही. मग म्हटलं, तुमच्या रानात हुप्पे ओरडताहेत तोवर तुम्ही निर्धास्त झोपा. सगळे एकदम मरायला लागले तर लगेच फोन करा आणि घरातल्या सगळ्यांनी लस घेतलीय का बघा. त्यांना मारलंत तर तुम्हाला आधी सांगणारं कोणी उरणार नाही. त्याची बायको मध्येच म्हणाली, आमची लस झालीय, मुलाची राहिलीय. तो तिच्याकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "आणि हा कशानं मेला?" मी तारेकडे बोट दाखवलं.

तो उठून पडवीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ.

त्याच्या कुंपणाला लागून एक पाऊ-ब्राझिलचं झाड होतं, काटेरी खोडाचं. याच झाडावरून देशाला नाव मिळालं आणि लाल रंगासाठी ते इतकं तोडलं गेलं, की आज ते संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. 'ब्राझिल' हे नाव युरोपीय लोक त्याआधी आपल्याकडच्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाला वापरायचे. तसाच लाल रंग देणारं लाकूड इथे सापडलं म्हणून तेच नाव चिकटलं. रानाच्या कडेला जुसारा पामही होते, थोडेच. या पामाला आपल्या माडासारखं एकच खोड. कोवळ्या गाभ्यासाठी ते तोडलं की झाड संपलं, पुन्हा फुटत नाही. त्याची फळं खाणारे पक्षीही मग येत नाहीत. काका सांगत होते, त्यांच्या तरुणपणी लोक रात्री चोरून भारे न्यायचे. तेही न्यायचे. आता ते त्याच पामाची रोपं लावतात.

टेबलावर तोवर सहा माकडं आटोपली होती. वजन, दात, मांडीच्या शिरेतून थोडं रक्त, कातडीखाली लस. सातवं, जुळ्यांपैकी धाकटं, भुलीतून बाहेर येईना. श्वास चालू होता, पण अंग गार. मी त्याला बाटल्यांमध्ये ठेवलं, मग कापडात गुंडाळून हातात धरलं. नाडी बोटाखाली नुसती थरथर लागत होती. झाकलेल्या पिंजऱ्यातून आईची लांब, चिरकी साद सुरू झाली. थांबायची, परत सुरू व्हायची. पंचवीस मिनिटं गेली असतील. मग माझ्या अंगठ्याभोवती काहीतरी आवळलं. नखं होती. या माकडांच्या हातांना आपल्यासारखी चपटी नखं नसतात, बारीक वाकड्या नख्या असतात, झाडाच्या भेगांतून आणि पानांच्या बेचक्यांतून किडे उकरायला. त्या हातमोज्यातून आत रुतल्या. इतकं बरं वाटलेलं मला आठवत नाही.

दुपारी अडीचला आम्ही पिंजरे परत त्याच फळीवर नेले. शेतकरी आमच्या मागून चालत आला. स्वतःच्या जमिनीवर ही माकडं असतात हे त्याला माहीत होतं, इतक्या जवळून पाहिली नव्हती. काकांनी दारं उचलली. तो हळूच मोजायला लागला. एक नर, मग आई, मग दुसरा नर, मोठी दोघं. एक जुळं. सहावर येऊन तो थांबला.

धाकटं पिंजऱ्याच्या तोंडाशी बसून राहिलं होतं. वरच्या फांदीवर बाकीचे सहाही थांबले होते, माना खाली घालून बघत. कोणी हललं नाही. आम्हीही नाही. मग त्यानं फळीवरचा केळ्याचा तुकडा उचलला, तोंडात धरला आणि खोडाला पकडून वर गेलं. नर पुढे सरकला. क्षणभर सगळे एका जागी गोळा झाले आणि मग पानांत फक्त हलणारी ऊनसावली राहिली.

"सेती," शेतकरी म्हणाला. सात.

परत जाताना पंपाजवळ तो थांबला. तारेवर रबरी आवरण घालायला वीज कंपनी किती दिवस लावेल, असं त्यानं काकांना विचारलं. काका म्हणाले, अर्ज आपण आजच लिहू. मी पडवीत जाऊन रक्ताच्या नळ्या बर्फात नीट लावायला लागले. पुढच्या कुटुंबाची केळी त्या संध्याकाळीच ठेवायची होती.