समोर १५०० चा मुलगा बसतो तेव्हा

आज १ तारीख, बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडेची रेटिंगची (खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यांची) नवी यादी लागली. दर महिन्याला या दिवशी तेच ऐकू येतं: रेटिंग १६५० आहे, पण खेळ १८०० चा. मोठ्या माणसाने असं म्हटलं तर बहुतेक वेळा ते हवेतलं असतं. वर्षाला पन्नास-साठ रेटेड डाव खेळणाऱ्या प्रौढाचा आकडा त्याच्या खेळापासून फार लांब राहत नाही. वाढत्या वयाच्या मुलांचं तसं नाही, आणि त्याची किंमत मोजतो समोरचा.

हिशेब मांडून बघू. आपण १८००, मुलगा १५००. फरक ३००, म्हणजे फिडेच्या तक्त्याप्रमाणे आपल्याकडून डावामागे ०.८५ गुणांची अपेक्षा (विजयाला १, बरोबरीला अर्धा). आपला के (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २० धरला तर जिंकल्यावर रेटिंगचे ३ गुण मिळतात, बरोबरीत ७ जातात, हरलं की १७. आता हा मुलगा रोज कोडी सोडवून आज खरोखर १८०० च्या ताकदीने खेळत असेल, तर सामना निम्मा-निम्मा. म्हणजे डावामागे सरासरी ७ गुण आपले गेले. नऊ फेऱ्यांच्या स्विस स्पर्धेत (जिथे कुणी बाद होत नाही) असे चौघे भेटले की २८ गुण साफ, आणि आपला खेळ तसूभरही घसरलेला नसतो. मुलाला मात्र त्याच डावातून सरासरी १४ मिळतात, कारण त्याचा के ४०. अठरा वर्षं पूर्ण होतात त्या सालाच्या अखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, के ४० च राहतो. मुलं लवकर आपल्या जागी पोहोचावीत म्हणूनच ही सोय. पण सहा महिने स्पर्धाच खेळली नाही तर के कितीही असो, आकडा जागचा हलत नाही.

मार्च २०२४ मध्ये फिडेने किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना २००० पासूनच्या फरकाच्या ४० टक्के गुण एकदम दिले. १५०० चे १७०० झाले, १९०० चे १९४०. खेळ कुणाचाच बदलला नव्हता! त्यामुळे त्याआधीचा १५०० आणि नंतरचा १५०० शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. पालक ती हमखास करतात.

नशिबाचा वाटाही लहान नसतो. के २० असताना नऊ डावांत २०-२५ गुण इकडेतिकडे होणं ही निव्वळ चढउतार असते. रेटिंगच्या सूत्राला पांढरी-काळी मोहरी कळत नाहीत. पाच डाव काळ्याने, म्हणजे पहिली चाल समोरच्याला देऊन, आले तरी अपेक्षा तीच. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर आकडा पुरेसा पक्का नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह दिसतं. फिडेच्या यादीत पाच डावांवर मिळालेलं रेटिंग आणि पाचशे डावांवरचं रेटिंग सारखंच छापलं जातं. हे मला सर्वांत खटकतं.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या बातुमीतल्या महिला विश्वचषकात पंधरावी मानांकित होती आणि तिने तो जिंकला. याने रेटिंग खोटं ठरत नाही. बाद पद्धतीत दोन डावांवर घरी जावं लागतं. एलोचा (रेटिंगच्या याच पद्धतीचा) अंदाज शेकडो डावांचा असतो.

म्हणून जोडी लागली की नुसता आकडा बघू नये. फिडेच्या पानावर जन्मसाल दिसतं, गेल्या काही महिन्यांतले डावही दिसतात. शेवटच्या दोन-तीन स्पर्धांची कामगिरी स्वतः काढावी: प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १६५० आणि नऊपैकी सहा गुण, तर तक्त्यात ६७ टक्क्यांना १२५, ते सरासरीत मिळवायचे, म्हणजे १७७५. मुलगा बारा वर्षांचा, यादीत १५०० आणि कामगिरी सलग १७५० च्या वर दिसली, तर १७५० चाच खेळाडू समोर आहे असं धरून तयारी करावी. त्याच्यापुढे 'लहान आहे, गोंधळेल' म्हणून मोहऱ्याचं संशयास्पद बलिदान द्यायला जाऊ नये. ही मुलं डावपेचांतच सर्वांत पक्की असतात. वजिरावजिरी करून लांब एंडगेममध्ये, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, ओढलं तर निदान अनुभवाला काही भाव मिळतो.