दुकानदारांची हिशोबाची बॅच तिसऱ्या आठवड्यात का गळते

संध्याकाळच्या हिशोब-जीएसटीच्या बॅचला येणारा माणूस आळशी नसतो. दिवसभर गल्ल्यावर बसून तो येतो. तरी तिसऱ्या आठवड्यात बाकं रिकामी व्हायला लागतात. पुस्तकातल्या ‘अबक ट्रेडर्स’ची खाती रात्री दहा वाजता लिहायला कुणाला हुरूप येणार?

म्हणून गृहपाठ एकच असावा: स्वतःच्या दुकानाचा रोजमेळ, म्हणजे दिवसभराच्या रोखीचा जमाखर्च. शटर ओढण्याआधी, दहा मिनिटं. घरी गेल्यावर वही उघडली जात नाही, हे धरूनच चाला.

समजा सकाळची शिल्लक १,५००, बिलबुकाप्रमाणे रोख विक्री ४,२००, उधारीची वसुली ६००. रोखीने माल घेतला १,८००चा, घरखर्चाला काढले ५००. गल्ल्यात ४,००० हवेत. मोजले तर ३,८५०. हे १५० बहुधा चहा, हमाली नाहीतर टेम्पोवाल्याला दिलेले. त्याच रात्री आठवतात, ‘रविवारी एकदम लिहू’ म्हटलं की गेले. यूपीआयची विक्री या बेरजेत धरली तर मेळ बसणारच नाही. तिला वेगळा रकाना.

फरक आला की माणूस वही दाखवायला लाजतो, मग यायचंच टाळतो. खरी गळती इथे होते. ‘तूट १५०’ असं सरळ लिहायला शिकवा. रोज पै-पै जुळणारी वहीच मला जास्त संशयास्पद वाटते.

पानाचा फोटो रोज रात्री व्हॉट्सअॅपवर मागवा. सलग दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा. आठवडाभराने केलेल्या फोनला माणूस ‘येतो’ म्हणतो आणि येत नाही. वह्या तपासायला जोड्या लावल्यात तर एकाच धंद्यातले दोघे एकत्र नकोत. किराणावाला दुसऱ्या किराणावाल्याला आकडे दाखवत नाही, आणि बरोबरच आहे.

दरमहा विवरण भरणाऱ्यांना तारखा आपोआप कामाला लावतात: ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ला २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या आपल्या खरेदी-बिलांची यादी) तयार, २०ला ३बी (कर भरायचं विवरण). ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, निरंक असेल तर २०. १५ तारखेचा तास खरेदीची बिलं २बीशी ताडण्यासाठीच राखा. पुरवठादाराने चढवलं नसलेलं बिल तेव्हाच सापडतं. त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, या महिन्यात धरता येत नाही, तेवढी रोकड २०च्या आत उभी करावी लागते.

गणपती ते दिवाळी नवी बॅच काढू नका. पाडवा होऊ द्या.