आमची वाटचाल : आधी पान, मग पाना

२००६ साली चिपळूणच्या बाजारपेठेत जिन्याखालचा गाळा घेतला. आदल्या वर्षीच्या २६ जुलैच्या पुराची रेघ भिंतीवर तशीच होती. तिच्या वीतभर वर फळी ठोकली आणि माल तिथे रचला. काम एकच, लेसर प्रिंटरच्या १२ए टोनरच्या डब्यात छपाईची पावडर भरून देणं.

रंगीत लेसर प्रिंटरला सहा वर्षं हात लावला नाही. भीतीच वाटायची. काळ्या प्रिंटरात एक ड्रम, म्हणजे लेसरच्या उजेडाने जिच्यावर चित्र उमटतं ती नळी, इथे चार; चारही रंग आधी बेल्टवर एकावर एक बसतात, मग कागदावर उतरतात. एक रंग केसभर सरकला तरी अक्षराला सावली येते.

२०१२ला एका आर्किटेक्ट मॅडमचा फोन आला. "अहो, माझ्या बागेतली झाडं निळी येतायत!"

जाऊन प्लॅन बघितला. पानभर हिरवळ छान, पण वरपासून खालपर्यंत बोटभर पट्ट्यात सगळं निळंशार. आधीच्या कारागिराने चारही टोनर बदलायला लावले होते, पट्टा जिथल्या तिथे. मी एकेका रंगाचा सलग ठोकळा छापून बघितला. निळा, किरमिजी, काळा स्वच्छ. पिवळ्यात मात्र नेमक्या त्याच जागी कोरी उभी रेघ. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. पिवळा गेला की निळं उरणारच. पिवळ्याच्या लेसरपुढच्या काचेवर धूळ बसली होती, उजेड ड्रमपर्यंत पोचतच नव्हता. मऊ कोरडं फडकं एकदा फिरवलं, झालं. बिल ३०० रुपये. मॅडमनी बिलाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या टोनरच्या रिकाम्या खोक्यांकडे, आणि काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून दुकानात एकच नियम : आधी पान वाचायचं, मग पाना उचलायचा. आमच्या पोरांच्या खिशात स्टीलची पट्टी असते. ठिपका दर ७५ मिलिमीटरवर परत येतोय? मग २४ मिलिमीटर व्यासाचा ड्रम तपासा, त्याचा घेर तेवढाच भरतो. ठिपका कुठल्या रंगाचा, त्यावरून चारांतला कोणता तेही कळतं.

चुका आम्हीही केल्या. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावून सांडलेला टोनर ओढला, तर तो पिशवीतून आरपार निघून सगळा गाळा गुलाबी. शर्ट बायकोने गरम पाण्यात घातला. टोनर म्हणजे प्लास्टिकचीच पावडर, उष्णतेने कापडाला चिकटून बसली. शर्ट अजून आहे, पुसायला वापरतो.

पावसाळ्यात निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतातच, कागदाच्या असतात. ओल धरलेल्या कागदावर विजेचा भार टिकत नाही, रंग फाटका उतरतो, कागद वळून अडकतो. गिऱ्हाईक म्हणणार, "दादा, टोनर डुप्लिकेट दिलात." आम्ही नवं रीम फोडून एक प्रिंट काढून दाखवतो. उरलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, एवढंच औषध. आणि लेसर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस बोंबलतो.

२२ जुलै २०२१ला पाणी त्या फळीच्याही वर गेलं. दुरुस्तीला आलेली ११ मशीनं चिखलात. चालू करून बघायचा मोह सगळ्यांना होत होता, आम्ही वायरीच काढून ठेवल्या. बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवले. काळी ४ उठली. रंगीत एकही नाही; लेसर युनिटमधल्या आरशांवर गाळाचा थर बसला की पुढे काही करता येत नाही. गिऱ्हाइकांना फोन करायचं काम बायकोने केलं, माझ्याने होईना.

मॅडमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, म्हणून त्यांचा प्रिंटर वाचला. आज त्याच्या मीटरवर ६८ हजार पानं आहेत. कागद आत ओढणारा पिकअप रोलर दोनदा बदलला, फ्यूजर एकदा. आता बेल्ट थकलाय, नवा घ्यायचा तर तेवढ्या पैशात सेकंडहँड मशीनच येईल. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेने तेच मॉडेल भंगारात काढलं, ते मी वजनावर उचलून आणलंय. बेल्ट अजून तपासायचाय. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बसवा. हा पावसाळा काढू दे त्याला."