तार बोलस

धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं सायकलचं दुकान. वडिलांनी मला पंक्चर काढायच्या आधी चाकाचा आऊट काढायला शिकवलं. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, खडू लागला की समोरच्या बाजूचा निपल पाव फेरा आवळायचा. मग बोटानं स्पोक छेडायचा. "तार बोलस, कान दे," ते म्हणायचे. बद्द आवाज आला की ती ढिली.

गेल्या वर्षी गोंदूरला विमान शिकणारा एक पोरगा चाक घेऊन आला. माझं काम बघत म्हणाला, "काका, जुन्या लढाऊ विमानांचे पंखही अशाच तारांवर असायचे." त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर. तेव्हापासून हे विमान माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

ब्रिटिश हवाईदलाचं हे शेवटचं दुपंखी लढाऊ विमान. हेन्री फॉलंड यांनी आखलं, १९३४ मध्ये पहिल्यांदा उडालं, १९३७ मध्ये दलात आलं. ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेग, चार मशीनगन. त्याच वर्षाअखेर एकपंखी हरिकेनही आलं, म्हणून लोक ग्लॅडिएटरला जन्मतःच जुनं म्हणतात. मला ते पटत नाही. त्याची बांधणी नीट बघा.

वरचा पंख, खालचा पंख, मधे खांब आणि तिरप्या तारा. उडताना हवा पंख वर उचलते, तेव्हा एका जोडीच्या तारा ताणल्या जातात. जमिनीवर पंखाचं वजन खाली ओढतं, तेव्हा उलट दिशेच्या तारा भार घेतात. स्पोकसारखंच, तार फक्त ओढ सोसते, पण सगळ्या मिळून चाक उभं धरतात. फरक एवढाच की आपल्या स्पोकला एकाच टोकाला आटे, विमानाच्या तारेला दोन्ही टोकांना, एकीकडे उजवे, दुसरीकडे डावे. तार नुसती फिरवली की दोन्ही बाजूंनी आवळत जाते. ज्यानं हे शोधलं त्याला माझा नमस्कार. तारा हवेत अडथळा करतात, म्हणून फॉलंडनी आपल्या आधीच्या गॉन्टलेट विमानापेक्षा खांबांची जोडी कमी केली.

मी कामट्यांचे दोन-दोन हाताचे पंख केले, वर मांजरपाट ताणून खळ लावली. खऱ्या विमानाच्या कापडावर डोप नावाचं रोगण मारत. वाळताना ते आक्रसायचं आणि कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताठ व्हायचं. तारा नसताना माझी चौकट एका हातानं तिरपी व्हायची. जुने स्पोक तिरपे बांधले आणि ती जागची हलेना. मी तिला छातीशी धरून किती वेळ बसलो होतो.

वैमानिकांच्या गोष्टी सगळे सांगतात, मला कारागिरांच्या आठवतात. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेत १८ ग्लॅडिएटर लेस्यास्कूगच्या गोठलेल्या तळ्यावर उतरले. १८ विमानं, ७२ बंदुका, आणि हाताशी मोजकी माणसं. रात्रीत इंजिनं गोठली, विमान वळवायच्या पंखांवरच्या पट्ट्या हलेनात. सकाळी जर्मन बॉम्बर आले आणि बहुतेक विमानं बर्फावरच गेली. पहाटेच्या त्या थंडीत पाना धरलेल्या बोटांचं काय झालं असेल, हे मी डिसेंबरात पहाटे शटर उघडणारा माणूस म्हणून विचारतो.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर त्याच वर्षी जूनमध्ये इटलीचे हल्ले सुरू झाले. फेथ, होप, चॅरिटी ही तीन विमानं लढली असं सांगतात. खरं तर तिथं ग्लॅडिएटर तीनपेक्षा जास्त होते आणि नावं नंतर चिकटली. पण सुटे भाग मिळेनात, तेव्हा ब्लेनहाइम बॉम्बरचं मर्क्युरी इंजिन काढून एका ग्लॅडिएटरला बसवलं, हे खरं. एका सायकलचा हब दुसरीला घालून मी शाळेच्या पोरांना वेळेवर पोचवलंय, त्यामुळे त्या कारागिरांशी माझं नातं लागतं. फेथचा सांगाडा आज माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटाच्या युद्ध संग्रहालयात आहे, पंखांशिवाय.

एक ग्लॅडिएटर मात्र इंग्लंडात ओल्ड वॉर्डनच्या जुन्या विमानांच्या संग्रहात अजून उडतो. त्या पोरानं त्याचा व्हिडिओ पाठवलाय. उतरताना इंजिन मंदावतं आणि तारांतून वारा शिट्टी घालतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तेवढाच तुकडा मी आवाज मोठा करून लावतो.