क्रूझच्या पत्रकात ‘एडिनबर्ग’ लिहिलंय? आधी धक्क्याचं नाव विचारा

साउथहॅम्प्टनहून निघून ब्रिटनला वळसा घालणारी बारा दिवसांची क्रूझ केली, मी आणि बायको, जून महिन्यात. पत्रकात स्कॉटलंडचे तीन थांबे होते, ग्लासगो, इनव्हरनेस आणि एडिनबर्ग, आणि तिन्हीपैकी एकाही शहरात जहाज लागलं नाही. हे एजंटाने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण महाबळेश्वरचं तिकीट काढल्यावर एसटी वाईला उतरवून मोकळी होत नाही एवढीच आपली समजूत. ग्लासगो म्हणजे ग्रीनॉक, इनव्हरनेस म्हणजे इनव्हरगॉर्डन, आणि एडिनबर्ग म्हणजे लीथ, न्यूहेवन, रोसाइथ किंवा साउथ क्वीन्सफेरी, तुमचं नशीब.

आमच्या नशिबात साउथ क्वीन्सफेरी. इथे जहाज धक्क्याला लागत नाही, फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीत नांगर टाकून उभं राहतं आणि तुम्हाला टेंडरने किनाऱ्यावर नेतात, टेंडर म्हणजे जहाजाच्याच लाइफबोटी. त्यासाठी सकाळी नंबरचं कुपन घ्यायचं, आणि ज्यांनी जहाजाची टूर घेतलीये त्यांना आधी सोडतात. आम्ही सातला कुपन घेऊन बसलो, किनाऱ्याला पाय लागला सव्वानऊला. वारा जास्त असेल तर टेंडर बंद, म्हणजे थांबाच रद्द, तेव्हा इथल्या कुठल्याही तिकिटाचे पैसे बुडू शकतात हे धरून चाला.

एक मात्र कबूल करतो, होडीतून वर बघितल्यावर डोक्यावर फोर्थचा रेल्वे पूल दिसतो ना, तो 1890 चा, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब लालभडक लोखंडी धूड, त्यावरून गाडी जाताना बघून दहा मिनिटं मी राग विसरलो होतो. तो युनेस्कोच्या यादीतही आहे, 2015 पासून.

मग हॉज पिअरवर उतरलो आणि समोर जहाजाची ‘शहरापर्यंत फक्त सोडणारी’ बस. माणशी 45 डॉलर! गाइड नाही, तिकिटं नाहीत, फक्त सोडणार आणि परत आणणार. आदल्या रात्री जहाजावरच्या टूर डेस्कवर मी स्पष्ट विचारलं होतं की रेल्वे स्टेशन किती लांब, तर उत्तर मिळालं, बरंच लांब आहे, रेकमेंड करत नाही. साफ खोटं. डाल्मेनी स्टेशन पिअरपासून चालत पंधरा-वीस मिनिटं आहे, आणि तिथून एडिनबर्ग वेव्हर्लीला गाडी साधारण तेवढ्याच वेळात पोचते, तासाला दोन-तीन गाड्या असतात, भाडं त्या बसच्या पावपटही पडलं नाही.

पण. त्या पंधरा मिनिटांत एक जिना आहे. पिअरसमोरचा रस्ता ओलांडला की झाडीतून सरळ वर जातो, जेकब्ज लॅडर म्हणतात. मी पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती, ऐंशीच्या पुढे मोजणं सुटलं. अरुंद, पाऊस पडून गेल्यावर निसरडा, वर पुलाकडे जाणाऱ्या गाडीचा खडखडाट. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, मी एकदाच थांबलो तेही बायकोसाठी (ती म्हणते उलट होतं). पण गुडघ्याचा त्रास असेल, सोबत आई-बाबा किंवा बाबागाडी असेल तर हा जिना नाहीच, सरळ लोकल बस किंवा टॅक्सी. आमच्याबरोबर होडीत एक नाशिकचं कुटुंब होतं, आजींना घेऊन, ते माझ्या सांगण्यावरून जिन्यापर्यंत आले आणि मला नको नको ते ऐकवून परत फिरले. बरोबरच होतं त्यांचं.

वेव्हर्लीला उतरलात की प्रिन्सेस स्ट्रीटच्या दाराने बाहेर पडू नका, मार्केट स्ट्रीटच्या दाराने पडा, जुनं शहर तिकडे आहे. स्टेशन खोलगटात, पूर्वी तिथे नॉर लॉख नावाचं पाणथळ तळं होतं, त्यामुळे कुठेही जायचं तर पुन्हा चढच. चपला-सँडल विसरा, जुन्या शहराचा मुख्य रस्ता रॉयल माइल, त्याचे दगड पावसात साबणासारखे होतात.

आता किल्ला. इथे दुसरी फसवणूक. त्याच टूर डेस्कने सांगितलं होतं की तिकीट दारात मिळतं. वर पोचलो तर त्या दिवसाची तिकिटं संपलेली. म्हणजे पन्नासेक गड पायी केलेला माणूस एडिनबर्गच्या किल्ल्याच्या दारातून परत आला, लिहितानाही जीव जळतोय. ऑनलाइन आधी काढा, वेळेचा स्लॉट असतो, आणि टेंडरचा भरवसा नाही म्हणून साडेअकराच्या आधीचा स्लॉट घेऊ नका. एकची तोफ ऐकायची तर बाहेरूनही ऐकू येते, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून 1861 पासून उडवतात, रविवारी नाही. आणि कोणी स्टोन ऑफ डेस्टिनी, म्हणजे स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड, बघायला किल्ल्यात जाणार असेल तर जाऊ नका, तो 2024 मध्ये पर्थच्या म्युझियममध्ये गेला.

किल्ल्याच्या अलीकडेच कॅमेरा ऑब्स्क्युराचा (भिंगा-आरशातून शहराचं चित्र अंधाऱ्या खोलीत पाडणारं यंत्र) मनोरा आहे, तो 1892 मध्ये पॅट्रिक गेडिसने घेतला होता, तोच गेडिस जो 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. आम्ही आत गेलो नाही, गर्दी होती, पण बाहेर उभं राहून फोटो काढला आणि थोडं बरं वाटलं.

उरलेला वेळ कॅल्टन हिल. फुकट, चढ छोटा, आणि वरून सगळं शहर, खाडी, किल्ला (हो, किल्ला) दिसतो. वर नॅशनल मॉन्युमेंटचे बारा खांब आहेत, 1829 मध्ये पैसे संपले म्हणून काम तसंच सोडलेलं, मला तर फार आवडलं. पाऊस लागला तर नॅशनल म्युझियम, तेही फुकट. सेंट जाइल्स कॅथेड्रलला देणगीची पेटी आहे. स्कॉटिश नोटा मिळाल्या तर तिथेच खर्च करा, लंडनच्या दुकानात त्या उलटसुलट करून बघतात.

ग्लासगोबद्दल काय लिहू, ग्रीनॉकहून ट्रेन, पाऊण तास, कॅथेड्रल आणि केल्विनग्रोव्ह म्युझियम फुकट, सगळं छान झालं. इनव्हरगॉर्डनहून ट्रेन कमी, वेळापत्रक आधी बघा.

परतीची गंमत सांगायची राहिली. शेवटचा टेंडर साडेचारचा. आम्ही तीनला पिअरवर, शहाणपणा करून, आणि समोर पिअरभर रांग, वारा, वर पाऊस, आडोसा नाही. तास आणि दहा मिनिटं उभे होतो. जहाजाच्या बसवाल्यांनाही तीच रांग, तेवढंच समाधान. टोपी छत्रीपेक्षा बरी, छत्री उलटतेच, आणि रांगेत लागण्याआधी कॉफी पिऊ नका, पिअरवर बायकांच्या टॉयलेटची रांग वेगळी आणि त्याहून लांब.

वर गेल्यावर टूर डेस्कवरच्या मुलीला विचारलं, पुढच्या फेरीलाही इथेच थांबणार का? ती हसून म्हणाली, नाही, पुढच्या वेळी न्यूहेवन. न्यूहेवनहून 2023 पासून ट्राम थेट प्रिन्सेस स्ट्रीटला जाते.