चवथीआधीची टिपणं: बोटांवरचा भार उतरवताना

सोमवार

श्रावण सरत आलाय आणि गोव्यात घरोघरी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, नारळांचा हिशेब सुरू झालाय. ज्या घरात कुणाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे तिथे या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कोण करणार? ‘तू नुसती बसून सांग, आम्ही करतो,’ असं घरचे मायेनेच म्हणतात. पण जिने वर्षानुवर्षं चवथीची चूल सांभाळली तिला ते लागतं. माझं ठाम मत आहे की यातली बरीचशी कामं सोडावी लागत नाहीत. हात कुठे धरायचा आणि जोर कुठून लावायचा, तेवढं बदलावं लागतं.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं आणि सांधा जागेवर धरणारे बंध हळूहळू सैल पडतात. अशा हाताने चिमटीत काही दाबून धरलं की बोटांच्या टोकाला जेवढा जोर असतो त्याच्या कितीतरी पट अंगठ्याच्या मुळाशी पोचतो. पिळताना नि घट्ट झाकण फिरवताना बोटं करंगळीच्या बाजूला रेटली जातात, आणि हे रोज होत राहिलं तर ती तशीच झुकून बसतात. म्हणून चिमटीचं काम मुठीवर, मुठीचं तळव्यावर आणि तळव्याचं कोपरावर ढकलायचं. पिशवी बोटांत लटकवण्यापेक्षा कोपरात अडकवावी. टोप कानांना धरून उचलण्यापेक्षा दोन्ही तळवे खाली घालून उचलावा, आणि शक्यतो उचलूच नये, ओट्यावरून सरकवावा.

नारळाचंच घ्या. आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून खोवताना वाटी दोन्ही मुठींत आवळून मनगटातून सतत फिरवावी लागते. आवळणं आणि पिळणं एकदमच होतं. त्यात आदोळी जमिनीवर, म्हणजे उठताना गुडघ्यांवर आणि टेकलेल्या मनगटावर भार येतो. हँडल फिरवायची, ओट्याला घट्ट बसणारी खोवणी बरी, पण तिचं हँडल बारीक असतं आणि डाव्या हाताने वाटी दाबून धरावीच लागते. सगळ्यांत सोपं म्हणजे नारळ विकणाऱ्याकडूनच फोडून घ्यावा, कोयत्याचा हादरा आपल्या मनगटाला नको. वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. सकाळी वीसेक मिनिटं बाहेर ठेवल्या की खोबरं करवंटीपासून सुटू लागतं आणि बोथट सुरी कडेने सरकवली की बहुतेकदा अख्खं निघतं. नाही निघालं तर करवंटीची बाजू गॅसवर दोन-तीन मिनिटं धरावी, चिमट्याने, हाताने नव्हे. मग तुकडे करून थोडे थोडे मिक्सरमध्ये फिरवायचे. मागची तपकिरी साल हुमणाच्या, म्हणजे नारळाच्या कालवणाच्या, वाटणात खपून जाते. नेवऱ्यांच्या सारणाला मात्र ती काढावी लागते, आणि ते काम घरातल्या कुणा धडधाकट हाताला द्यावं. मिक्सरचं मोठं भांडं वाटणाने भरलं की एका हाताने पेलत नाही, म्हणून लहान भांड्यात दोनदा वाटलेलं चांगलं.

चवथ झाली, मासळी पुन्हा सुरू झाली की तिसऱ्यांनाही, म्हणजे खायच्या शिंपल्यांनाही, हेच लागू. आदोळीवर एकेक शिंपली फोडणं म्हणजे निव्वळ चिमटीचं काम. त्याऐवजी तळाला वाटीभर पाणी घालून झाकण ठेवून वाफवाव्यात, चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेल्या टाकून द्याव्यात. पाणी गाळून आमटीला घ्यावं, चव त्यातच असते.

बुधवार

नेवऱ्यांचा विचार करताना वेळेपासून सुरुवात करावी. या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, आणि ते तासभर किंवा जास्तही सुटत नाहीत. त्या वेळात पीठ मळायला बसू नये. उठल्यावर सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटं ठेवून पाण्यातच बोटं अलगद उघडावी-मिटावी, मग पेज घ्यावी आणि दहानंतर कामाला लागावं. एखादा सांधा गरम, लाल, सुजलेला असेल तर शेक नको. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवावा. तशा सांध्याला तेल लावून रगडून मालीश करू नये.

पीठ नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवावं, रवा फुगला की ते आपोआप मऊ पडतं. मळायचं उभ्याने, ओटा कमरेएवढा, कोपर सरळ आणि जोर खांद्यातून तळव्याच्या टाचेवर. लाटणं मुठीत न आवळता दोन्ही तळव्यांखाली फिरवायचं. जाड लाटणं बारीकपेक्षा बरं.

खरी कसोटी मुरडीची. मुरड घालताना प्रत्येक नेवरीला पंधरा-वीस वेळा अंगठा आणि तर्जनीची चिमूट पडते, आणि शंभर नेवऱ्यांचा हिशेब केला की कळतं, संध्याकाळी अंगठा का ठणकतो. साचा चालतो, पण हातात धरून दाबायचा नाही. तो ओट्यावर आडवा ठेवून वरून तळव्याने दाबायचा. किंवा कडेला दूध लावून पारी मिटावी, काट्याच्या पाठीने दाबावी आणि कातणाने कडा कापावी. साच्यातली नेवरी मुरडीइतकी देखणी होत नाही हे खरंच आहे. देवापुढे ठेवायच्या पाच नेवऱ्यांना हाताने मुरड घालावी आणि बाकीच्या साच्यात काढाव्यात. कुठलंही एक काम अर्ध्या तासाहून जास्त सलग करू नये. दुखायला लागायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नव्हे. तेलाची कढई गार होईपर्यंत जागची हलवू नये.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधणं मात्र खुशाल दुसऱ्यावर सोपवावं. हात डोक्यावर उचलून, मान मागे टाकून गाठी मारणं खांद्यालाही वाईट आणि मानेलाही. जुन्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. म्हणूनच केस कापून झाल्यावर कुणी मान कडकन मोडून देत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणावं. मानेच्या दुखण्याबरोबर हातापायांत मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

शुक्रवार

आज म्हापशाचा बाजार. मोठ्या दुकानांतली परदेशी ‘आर्थरायटिस’ भांडी महाग असतात, आणि त्यातल्या पुष्कळशा गोष्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सगळ्यांत उपयोगी म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम. आतलं भोक अर्ध्या इंचाचं घ्यावं, दहा-बारा सेंटिमीटरचे तुकडे कापावेत आणि चमचा, सुरी, कातण, टूथब्रश, पेन यांच्यावर चढवावेत. मूठ जाड झाली की बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. दोन गोष्टी बिघडतात: सैल फोम हातात गोल फिरतो आणि उलट जास्त आवळावं लागतं, तेव्हा आधी दांड्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. आणि पावसाळ्यात आत पाणी राहून बुरशी धरते, म्हणून धुताना काढून वेगळा वाळवावा, काळे ठिपके दिसले की फेकावा. आचेजवळच्या डावाला तो लावू नये.

नळ गोल फिरवून उघडायचा असेल तर तो बदलून पाव फेऱ्यात उघडणारा, लांब दांडीचा घ्यावा, तो मनगटाच्या मागच्या बाजूनेही ढकलता येतो. ओले कपडे पिळू नयेत. नळावरून घालून निथळू द्यावेत किंवा टॉवेलात गुंडाळून तळव्याने दाबावेत. पावसात चादरी वाळत नाहीत आणि ओल्या चादरीचं वजन भलतंच असतं.

न्हाणीतल्या दांडीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे जीवाचा प्रश्न असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र असतो, त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकून बसवलेला स्क्रू सुरुवातीला घट्ट वाटतो, पण माणसाचा भार पडत गेला की भुगा होऊन सुटतो. गिलाव्याच्या आत चिऱ्यात खोल भोक पाडून, फुंकून साफ करून केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने, बोल्ट बसवायला सांगावं, आणि पूर्ण घट्ट व्हायला सांगितला असेल तेवढा वेळ दांडीला हात लावू नये. समुद्राजवळच्या घरात ३१६ दर्जाचं स्टील घ्यावं, खाऱ्या वाऱ्याने साध्या ३०४ वर गंजाचे ठिपके येतात. दांडीची जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असावी. मूठ आवळताच येत नसेल तर गोल दांडीपेक्षा, ज्यावर पूर्ण हात कोपरापर्यंत टेकवता येईल अशी सपाट फळी चांगली.

रात्री लावायची मनगटाची पट्टी या हवेत घामाने चिकटते. आत जुन्या सुती मोज्याची बोटं कापून ती नळी चढवावी आणि रोज धुवावी. गरम पाण्यात मऊ करून हाताच्या मापाने घडवलेलं प्लास्टिकचं स्प्लिंट असेल तर उन्हात उभ्या गाडीत विसरू नये, आकार जातो.

आणि सणाच्या गडबडीत औषधं. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. पाहुण्यांच्या धांदलीत गोळ्या दुसरंच कुणी काढून देतं, म्हणून तो वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि डब्यावरही ठळक लिहून ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवायचं एखादं इंजेक्शन असेल तर ते २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावं आणि वीज गेली की फ्रिज उघडू नये. पाकिटातली गोळी अंगठ्याने दाबून निघत नसेल तर पाठीमागची पन्नी कात्रीने कापावी, पण एका वेळी एकाच आठवड्याच्या गोळ्या डबीत भराव्यात. या दमट हवेत उघड्या गोळ्या ओलावतात.