चॅपेलमधला गांधार

गोव्यातल्या फोंड्यात माझं पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, जत्रेतल्या संगीत नाटकांचे ऑर्गनवाले आणि थोडे ख्याल गाणारे. या ख्यालवाल्यांचं मागणं ठरलेलं : काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, सा धरून गांधार ट्यूनिंग करून द्या. गांधार म्हणजे सा रे ग मधला ग. बाजारच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा साधारण चौदा सेंट चढा लागतो. (एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट.) मग सुराची पितळी पत्ती मुळाशी हलकेच घासून तो खाली आणायचा. पेटीच्या अशाच खोडींपायी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. आणि ही सुराची खोड कुठून आली म्हणाल, तर गोऱ्यांच्या संगीतातून. आमच्या धंद्यात हे सगळे धरूनच चालतात, मीही चालत होतो.

उपासाच्या दिवसांत सासष्टीतल्या एका चॅपेलमधून फोन आला. तिथले मेस्त, म्हणजे गाणाऱ्यांचे मास्तर, म्हणाले, "बाब, आमचें ऑर्गन एकाच सुराचेर रडटा." सांतुस पासुसची, म्हणजे क्रूस घेतलेल्या येशूची, मिरवणूक तोंडावर आलेली. मदतनीस पोराला मागे बसवून निघालो.

ऑर्गन म्हणजे आपली पायपेटीच. नाटकात ती वाजवून वाजवून घासलेली असते, ही मात्र बंद खोलीत राहून कुजलेली. उंदरांनी आतल्या भात्याचं कापड कुरतडून घर केलेलं, एका पट्टीखालचं झाकण दमटपणाने फुगून उघडंच राहिलेलं. रडण्याचं कारण ते. झाकण तासून बसवणं दहा मिनिटांचं काम, भात्याने मात्र दुपार खाल्ली. सरस वाळेपर्यंत हात बांधून बसायचं होतं.

तेवढ्यात गाणारे आले. ऑर्गन उघडा पडलेला, म्हणून मेस्तांनी व्हायोलिनच्या तारेवर सूर दिला आणि मोतेत, म्हणजे या उपासातलं चर्चचं गाणं, सुरू झालं. चार आवाज, चार वेगळ्या वाटांनी. खरं सांगायचं तर पहिल्या दोन ओळी मला नुसता गलका वाटला. एका गळ्यामागून जाणाऱ्या कानाला कुठे बघावं कळत नाही. तिसरी ओळ संपताना सगळे एका जागी थांबले आणि माझी मान आपोआप वर झाली. मधल्या रांगेतल्या बायकांचा गांधार! चढा नाही, तंबोऱ्याचा.

पोराला म्हटलं, तुझ्या मोबाईलवरचं ते ट्यूनर काढ. चार आवाजांत ते गोंधळतं, म्हणून मेस्तांना विनंती केली आणि तो मधल्या रांगेतल्या एका बाईंच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला. पुन्हा तीच ओळ, तोच थांबा. काटा बारा-तेरा सेंट खाली. त्यांना कोणी गांधार ट्यूनिंग शिकवलं नव्हतं. बाकीच्या तिघांच्या सुरात मिसळायचं म्हटलं की आवाज आपसूक तिथे जाऊन बसतो. भाता जोडल्यावर ऑर्गनबरोबर गायले, तेव्हा काटा परत वर.

मेस्तांना ते दाखवलं. ते हसले, म्हणाले, म्हणूनच पासुसला आम्ही ऑर्गन नेत नाही. मग त्यांनीच विचारलं, हा सूर तुम्ही इथे लावून द्याल? लावता येईल, पण मग तुम्ही दुसरा सूर सा धरलात की तिथे बेसूर वाजेल, असं सांगितलं. त्यांनी ऑर्गन होता तसाच ठेवायला सांगितला, ते बरोबरच होतं.

दोन दिवसांनी एका ख्याल गाणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं. ते म्हणाले, "छे हो, त्यांना कुठली आलीय श्रुती!" श्रुती म्हणजे सुराची नेमकी बारीक जागा. काटा सांगितला तरी पटेना. त्यांची पेटी लावून दिली, पैसे घेतले.

चॅपेलच्या दिवशी संध्याकाळी परतताना बोरीच्या पुलावर पोराने डाव साधला. "काका, चर्चचं ऐकलंत, आता माझं ऐका," म्हणून त्याचं ट्रान्स, ते ठोक्यावर नाचायचं संगीत, माझ्या कानात घातलं. नाही आवडलं. तो ठोका डोक्यात खिळे मारतो. पण खालचा खर्ज जागचा हलत नव्हता, वर काय वाटेल ते चाललं तरी. तसं म्हटलं तर पोरगा लगेच म्हणाला, हलतो, तुम्हाला ऐकू येत नाही. फर्मागुडी आली तरी आमचं हलतो-नाही हलतो चालूच होतं.